नागीण: फोड वाळतील, पण दुखण्याचं काय?

प्रश्न : माझे बाबा ७२ वर्षांचे आहेत. गेल्या आठवड्यात त्यांच्या उजव्या बरगडीखाली तीन दिवस दुखत होतं. आधी लचक भरली असेल असं वाटलं, मग हृदयाची शंका आली म्हणून ईसीजी काढला. तो व्यवस्थित होता. चौथ्या दिवशी पाठीपासून पोटापर्यंत पट्ट्यासारखे फोड उठले. फॅमिली डॉक्टरांनी बघताक्षणी नागीण असल्याचं सांगितलं आणि त्याच दिवशी व्हॅलासायक्लोव्हिर सुरू केलं. आज गोळ्यांचा चौथा दिवस. नवे फोड येणं थांबलंय, पण दुखणं तसूभरही कमी नाही. सदरा अंगाला लागला तरी बाबा कळवळतात, रात्रभर जागे असतात. त्यांना रक्तदाब आहे, प्रोस्टेटसाठी गोळी चालू आहे आणि क्रिएटिनिन थोडं वाढलेलं असतं. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, की फोड जातात पण दुखणं जन्मभर राहतं. कुणी म्हणतं स्टेरॉइड घ्या, कुणी म्हणतं मणक्यात इंजेक्शन घ्या. डॉक्टरांकडून काही राहून तर गेलं नाही ना? हे दुखणं मागे उरू नये म्हणून आत्ता काय करता येईल? शिवाय माझी वहिनी सात महिन्यांची गरोदर आहे. तिला धोका आहे का?

उत्तर : फोड दिसले त्याच दिवशी विषाणूविरोधी गोळी सुरू झाली, याहून चांगली सुरुवात नागिणीत होत नाही. मलमं लावत चार-पाच दिवस काढून मग दवाखान्यात येणारे रुग्ण कितीतरी असतात. तेव्हा डॉक्टरांवरचा विश्वास ढळू देऊ नका.

पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि एक गोष्ट मला त्यात सापडली नाही. विषाणूसाठी गोळी मिळाली. दुखण्यासाठी काय मिळालं? तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे एकतर काही दिलेलं नाही, किंवा ‘फारच दुखलं तर घ्या’ म्हणून पॅरासिटामॉल दिलेलं आहे आणि बाबा ते घेत नाहीत. त्या पिढीची माणसं कळ काढतात आणि डॉक्टरांनी विचारलं तर ‘बरं आहे’ म्हणतात. सात दिवसांचा कोर्स संपायची वाट बघू नका. उद्याच जा आणि तक्रार म्हणून फक्त दुखणंच सांगा: फोड सुकताहेत, पण कापड लागलेलं सहन होत नाही आणि झोप नाही. दहापैकी किती दुखतं हा आकडा बाबांच्याच तोंडून येऊ द्या, आणि तो कमी करून सांगू नका म्हणून त्यांना घरूनच बजावून न्या.

वहिनींचं आधी निस्तरू, कारण तिथे वेळेला महत्त्व आहे. त्यांना लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील किंवा कांजिण्यांच्या लशीचे दोन्ही डोस झाले असतील, तर निर्धास्त राहा. नागीण एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. फोडांतल्या पाण्यात विषाणू असतो, आणि ज्याला कांजिण्या कधीच झालेल्या नाहीत अशा माणसाला तो लागला तर त्याला कांजिण्या होऊ शकतात. गरोदर बाईला या वयात कांजिण्या होणं मात्र साधं नसतं. तिला न्यूमोनिया होऊ शकतो, आणि बाळंतपणाच्या तोंडावर त्या झाल्या तर बाळाच्याही जिवाला धोका असतो. ‘बहुतेक झाल्या असतील’ यावर विसंबू नका. खात्री नसेल तर वहिनींच्या डॉक्टरांना आजच फोन करा. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करून ते सांगू शकतात, आणि संरक्षण नसेल तर द्यायचे उपाय संपर्कानंतरच्या मोजक्या दिवसांतच करावे लागतात. तोवर बाबांचे फोड झाकलेले राहू देत, टॉवेल आणि चादर वेगळी असू दे, आणि मलमपट्टीचं काम वहिनींकडे नको. शेवटच्या फोडावर खपली धरली की संसर्गाचा प्रश्न संपतो. त्याला फोड उठल्यापासून साधारण सात ते दहा दिवस लागतात.

आता बाबांकडे वळू. लहानपणच्या कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीराबाहेर जात नाही. मणक्याशेजारी मज्जातंतूंच्या ज्या गाठी असतात, त्यांत तो वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती उतरली, की एखाद्या गाठीत तो जागा होतो आणि त्या एकाच मज्जातंतूतून त्वचेपर्यंत उतरतो. म्हणून पट्टा एकाच बाजूला उठतो आणि शरीराच्या मध्यरेषेशी थांबतो. विळखा पूर्ण झाला तर माणूस वाचत नाही, असंही कुणीतरी तुम्हाला सांगितलंच असेल. ते सोडून द्या. फोड उठण्याआधी तीन दिवस दुखत होतं तेही याचमुळे. विषाणू त्वचेवर दिसण्याआधी मज्जातंतूत पसरत असतो, आणि त्या दिवसांत दुखण्याच्या जागेनुसार कुणाला हृदयविकार वाटतो, कुणाला पित्ताशयाचा खडा, कुणाला मूतखडा. तेव्हा ईसीजी काढला हे योग्यच झालं.

हा सगळा उलगडा एका फॅमिली डॉक्टरने केला, हे मला या धंद्यातला माणूस म्हणून आवर्जून सांगावंसं वाटतं. एडगर होप-सिम्पसन हे इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर या छोट्या गावातले जनरल प्रॅक्टिशनर. त्यांनी आपल्या दवाखान्यात आलेल्या नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची सोळा वर्षं नोंद ठेवली आणि १९६५ मध्ये मांडलं, की नागीण बाहेरून येत नाही, ती जुन्या कांजिण्यांच्याच विषाणूची पुन्हा उठलेली उचल आहे. वय वाढतं तशी नागीण वाढते, हेही त्यांच्याच वह्यांमधून स्पष्ट झालं.

विषाणूविरोधी औषधाबद्दल आता थोडं सविस्तर. तीन गोळ्या वापरात आहेत: असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, व्हॅलासायक्लोव्हिर एक ग्रॅम तीन वेळा, किंवा फॅमसायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम तीन वेळा, सात दिवस. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करायचं, कारण विषाणूची वाढ त्या दिवसांतच जोरात असते. पाच वेळा घ्यायच्या गोळीतली एखादी तरी रोज चुकतेच, म्हणून परवडत असेल तिथे मीही तीन वेळांची गोळी निवडतो. ७२ तास उलटले म्हणजे दार बंद झालं, असं मात्र नाही. नवे फोड अजून येत असतील, डोळ्याजवळ पुरळ असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर उशिरानेही औषध दिलं जातं.

बाबांच्या बाबतीत इथे एक अट आहे. ही औषधं मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर वय आणि वजन धरून मूत्रपिंडांची क्षमता काढावी लागते आणि त्याप्रमाणे डोस उतरवावा लागतो. ‘थोडं वाढलेलं’ हा शब्द इथे पुरेसा नाही. ७२ व्या वर्षी थोड्या वाढलेल्या क्रिएटिनिनमागे मूत्रपिंडांचं काम निम्म्यावर आलेलं असू शकतं. शेवटचा रिपोर्ट घेऊन जा आणि डोस बरोबर आहे ना, हे विचारून घ्या. दरम्यान पाणी भरपूर पिऊ द्या. बाबा असंबद्ध बोलायला लागले, नसलेली माणसं दिसायला लागली, हात थरथरायला लागले, तर ‘झोप नाही म्हणून होतंय’ असं समजू नका. औषध अंगात साठल्याची ती खूण असू शकते, लगेच दाखवा.

या गोळ्यांनी दुखणं मागे राहणं टळतं का? लोक मला हेच विचारतात आणि मला सरळ ‘हो’ म्हणता येत नाही. फोड लवकर सुकतात, सुरुवातीच्या दिवसांतलं दुखणं थोडं लवकर ओसरतं, डोळ्याचे आणि इतर उपद्रव कमी होतात. पण चार-सहा महिन्यांनंतर दुखणं किती जणांना उरतं हे बघितलं, तर असायक्लोव्हिर घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत ठाम फरक दिसत नाही, असा निष्कर्ष २०१४ च्या कोक्रेन आढाव्याने, म्हणजे सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अहवालाने, काढला. व्हॅलासायक्लोव्हिर आणि फॅमसायक्लोव्हिर यांच्या काही चाचण्यांत दुखण्याचा काळ आखूड झाल्याचं दिसलं आहे. तेव्हा गोळी घ्यायचीच, पूर्ण घ्यायची. फक्त ती घेतली म्हणजे पुढचं दुखणं हमखास टळलं, अशी समजूत करून घ्यायची नाही. ही समजूत डॉक्टरांचीही होते आणि मग कोर्स लिहून दिला की रुग्णाला पुन्हा बोलावलं जात नाही.

स्टेरॉइडचं उत्तर सोपं आहे: या कारणासाठी नको. १९९४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात ४०० रुग्णांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. असायक्लोव्हिर सात दिवस की एकवीस दिवस, आणि सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यायचं की नाही, असे गट त्यात होते. स्टेरॉइडने पहिल्या दिवसांतलं दुखणं थोडं हलकं झालं, कोर्स लांबवल्यानेही किंचित फरक पडला, पण सहा महिन्यांनी सगळे गट सारखेच होते. म्हणजे ‘कोर्स आणखी दोन आठवडे वाढवून घेऊ का’ या प्रश्नाचंही उत्तर त्यातच आलं. रक्तदाब असलेल्या सत्तरीच्या माणसाला त्या थोड्याशा आरामासाठी स्टेरॉइड द्यावं, असं मला वाटत नाही. नागिणीने चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असेल, तर गोष्ट वेगळी.

मणक्यातल्या इंजेक्शनवर तर थेट फॅमिली डॉक्टरांच्याच रुग्णांमध्ये अभ्यास झालेला आहे. नेदरलँड्समध्ये पन्नाशीपुढच्या ५९८ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले आणि निम्म्यांना त्याखेरीज स्टेरॉइड आणि भुलीच्या औषधाचं एक एपिड्युरल इंजेक्शन. २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेले आकडे असे: महिन्याभराने दुखणं राहिलेले नेहमीच्या उपचारांत ५८ टक्के, इंजेक्शनवाल्यांत ४८ टक्के. तीन महिन्यांनी २४ आणि २१. सहा महिन्यांनी १७ आणि १५. म्हणजे पहिल्या महिन्यात थोडा आराम, पुढे फरक नगण्य. गोळ्यांनी अजिबात न आवरणाऱ्या दुखण्यासाठी वेदनातज्ज्ञ हा मार्ग सुचवू शकतात, पण ‘पुढचं टाळायला’ म्हणून तो घेऊ नका.

हेच आकडे पुन्हा एकदा दुसऱ्या नजरेने वाचा. इंजेक्शन न घेतलेल्या त्या रुग्णांत सहा महिन्यांनी शंभरातल्या ८३ जणांचं दुखणं गेलेलं होतं. आइसलँडमधल्या फॅमिली डॉक्टरांनी ४२१ रुग्णांचा पाठपुरावा करून २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जे लिहिलं, ते याहूनही दिलासा देणारं आहे. साठीच्या आतल्यांत तीन महिन्यांनी दुखणं दोन टक्क्यांनाही नव्हतं. साठीपुढे प्रमाण वाढलं, पण बहुतेकांचं दुखणं सौम्य किंवा मध्यम होतं, आणि वर्षानंतर तीव्र वेदना असलेला एकही रुग्ण नव्हता. भेटायला येणाऱ्यांना तुम्ही हे ऐकवा. जन्मभर दुखत राहिलेली माणसं असतात, मी पाहिली आहेत, त्यांचे हाल वाईट असतात. पण ती मोजकी असतात, आणि बरे झालेले नागिणीबद्दल बोलत बसत नाहीत.

असं असलं, तरी बाबा धोक्याच्या गटात आहेत हे मी लपवणार नाही. वय सत्तरीपुढे, फोडांच्या आधीपासून दुखणं, आणि सुरुवातीलाच तीव्र वेदना, अशी तिन्ही लक्षणं त्यांच्यात आहेत. म्हणूनच दुखण्यावर आत्ता उपचार व्हायला हवेत असा माझा आग्रह आहे. मज्जातंतूतून दिवसरात्र कळा येत राहिल्या की पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि मेंदू त्या संदेशांना सरावत नाहीत, उलट जास्त संवेदनशील होत जातात. सदऱ्याचा स्पर्श वेदना म्हणून पोचतो तो यामुळेच. लवकर आणि नीट वेदनाशमन केलं की पुढचं दुखणं टळेलच, हे कुणी पक्कं सिद्ध केलेलं नाही. पण माणूस झोपतो, जेवतो, हिंडतोफिरतो, आणि तेवढ्यासाठीसुद्धा ते करायला हवं.

काय द्यायचं हे तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यामागचा विचार तुम्हाला माहीत असू द्या. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी घ्यायचं, दुखण्याची वाट न बघता, आणि दिवसाची मर्यादा डॉक्टरांना विचारून. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या बाबांना नकोत. क्रिएटिनिन आणि रक्तदाब दोन्हींना त्या मानवत नाहीत. घरात कुणाच्या तरी गुडघ्यांसाठी आणलेली पाकिटं असतात, ती त्यांच्या हाती लागू देऊ नका.

एवढ्याने भागणार नाही असं पत्रावरून दिसतंय. चटके, सणका, स्पर्शाने होणारी वेदना ही मज्जातंतूची वेदना असते आणि तिला साध्या वेदनाशामकांनी फार फरक पडत नाही. तिच्यासाठी दोन घराण्यांची औषधं आहेत. एक म्हणजे अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि नॉरट्रिप्टिलिन. ही मुळात नैराश्यावरची, पण त्याहून बऱ्याच कमी मात्रेत रात्री एकदा घेतली की मज्जातंतूच्या वेदनेवर चालतात आणि झोपही लागते. १९९७ मध्ये एका छोट्या ब्रिटिश चाचणीत साठीपुढच्या रुग्णांना पुरळ उठल्याबरोबर रोज २५ मिलिग्रॅम अ‍ॅमिट्रिप्टिलिन तीन महिने दिलं, तेव्हा सहा महिन्यांनी दुखणं उरलेल्यांची संख्या निम्म्याहून कमी झाली होती. ऐकायला फार छान वाटतं, पण चाचणी लहान होती आणि तेवढ्या आधारावर सरसकट सगळ्यांना ते देण्याच्या मी विरुद्ध आहे. बाबांच्या बाबतीत तर प्रश्नच मिटतो. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी या गोळीने अडू शकते, शिवाय तोंड कोरडं पडतं, उभं राहताना रक्तदाब घसरतो. प्रोस्टेटची गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना आठवणीने सांगा; घाईच्या ओपीडीत हे सुटून जातं.

राहिलं दुसरं घराणं, गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन. बाबांसाठी बहुधा यातलंच काहीतरी निवडलं जाईल. रात्रीच्या अगदी लहान डोसने सुरुवात करायची आणि दर काही दिवसांनी सावकाश चढवायचं, तेही पुन्हा मूत्रपिंडांच्या हिशेबाने. पहिल्या आठवड्यात गुंगी येते, तोल जातो. रात्री लघवीला उठणाऱ्या माणसाने या गोळीवर अंधारात पडून खुबा मोडून घेतला, तर नागीण परवडली म्हणायची वेळ येईल. दिवा चालू ठेवा, पहिले काही दिवस सोबत कुणीतरी झोपा. परिणाम दिसायला आठवडाभर, कधी त्याहून जास्त लागतो, म्हणून दोन दिवसांत ‘उपयोग नाही’ म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटल्यावर एकदम तोडूही नका, उतरवायचीही सावकाशच. तोवरच्या मधल्या दिवसांसाठी वेदना फार असतील तर डॉक्टर ट्रॅमाडॉलसारखं औषध थोडे दिवस देऊ शकतात. त्यानेही बद्धकोष्ठ होतो, गुंगी वाढते आणि लघवी अडू शकते, तेव्हा ते अगदी लागेल तेवढंच.

फोडांना फारसं काही लागत नाही. रोज साध्या पाण्याने हलके धुवा, टिपून कोरडे करा, न चिकटणारी पट्टी लावा, वर सैल सुती कपडा. थंड ओली घडी काही मिनिटं ठेवली की बरं वाटतं. असायक्लोव्हिरचं मलम नागिणीत उपयोगाचं नाही. गोळी चालू असताना तर त्याची गरजच नाही. कुणी सांगितलेला कुठलाही लेप उघड्या फोडांवर नको. फोडांत पू धरला, भोवतीची कातडी लाल होऊन तापली, तर मात्र दाखवा. रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका: वेदनेने आणि जागरणाने दाब चढतो, आणि नागिणीनंतरच्या काही आठवड्यांत पक्षाघाताचा धोका थोडा वाढलेला असतो.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट मध्येच सांगतो. बाबांची नागीण धडावर आहे. कपाळावर, पापणीवर आणि विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवायचं. नाकाच्या शेंड्याकडे जाणारा मज्जातंतू डोळ्याच्या आतही जातो, आणि उशीर दृष्टीवर बेतू शकतो. कानात फोड आणि चेहरा वाकडा, ताप-डोकेदुखीसोबत गोंधळलेपण, शरीरभर विखुरलेले फोड, किंवा केमोथेरपी, अवयवरोपण, एचआयव्ही अशा कारणांनी प्रतिकारशक्ती उतरलेली असताना झालेली नागीण, यांपैकी काहीही असेल तर ते काम घरच्या घरी करायचं नाही, रुग्णालय गाठायचं.

तुमच्या डॉक्टरांशी पुढच्या भेटी आत्ताच ठरवून घ्या. पहिली उद्याची. दुसरी भेट दुखण्याची गोळी सुरू केल्यावर आठवडाभराने, डोस बघायला. तिसरी फोड उठल्यापासून महिन्याच्या आसपास, आणि नेमकी हीच भेट सगळे टाळतात. खपल्या पडलेल्या असतात, कातडी बरी दिसते, घरच्यांच्या लेखी आजार संपलेला असतो. दुखतंय म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे मग ‘आता काय झालं’ अशा नजरेने बघितलं जातं. त्या भेटीत दुखणं उतरणीला लागलेलं असेल तर गोळी हळूहळू कमी करता येते. नसेल तर वाढवता किंवा बदलता येते. कातडी पूर्ण भरून आल्यावर लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची पट्टी लावता येते, दिवसातून बारा तासांपर्यंत. त्या वयाला ती मला विशेष आवडते, कारण रक्तात फारसं काही जात नाही आणि गुंगीही येत नाही. मिरचीतल्या कॅप्सायसिनचं मलमही मिळतं, पण ते लावताना आग होते आणि पुष्कळ जण पहिल्या दोन दिवसांतच डबी बाजूला ठेवतात. फोड उठल्यापासून तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर त्याला नागिणीनंतरचं मज्जातंतूचं दुखणं म्हणतात. तेव्हाही औषधांचं दार बंद होत नाही. फक्त त्या टप्प्यावर तुमच्या डॉक्टरांनी वेदनातज्ज्ञांचं मत घ्यावं, आणि त्यांनी आपणहून सुचवलं नाही तर तुम्ही विचारावं.

शेवटी लशीबद्दल. तुम्ही विचारलेलं नाही, पण नागिणीनंतरचं दुखणं टाळण्याचा सगळ्यांत भरवशाचा उपाय तोच आहे: नागीणच होऊ न देणं. सध्याची रिकॉम्बिनंट लस (जिवंत विषाणू नसलेली) दोन डोसांत, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दंडात देतात. पन्नाशीपुढच्यांच्या मोठ्या चाचणीत तिने नागीण ९७ टक्क्यांनी कमी केली, आणि सत्तरीपुढच्यांत मागे उरणारं दुखणं जवळजवळ ८९ टक्क्यांनी. दंड चांगला दुखतो, एक-दोन दिवस अंग मोडून येतं, कणकण वाटते; डोस घ्यायचा तो दुसऱ्या दिवशी काही काम नसताना. चालू नागिणीवर तिचा काही उपयोग नाही, म्हणून आत्ता बाबांना ती देऊ नका. हा आजार पूर्ण निवळला की डॉक्टरांना विचारून द्या, कारण नागीण पुन्हाही होऊ शकते. आई पन्नाशीपुढच्या असतील, तर त्यांना मात्र बाबांसाठी थांबायचं कारण नाही. उद्याच्या भेटीत त्यांचाही विषय काढा.